मिठातली मंडळी

जळगावच्या मे महिन्यावर मनापासून जीव असलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि त्यांच्या घरी मी नऊ वर्षं स्वयंपाक आणि धुणंभांडी केली. आम्ही बाकीचे लोक मार्च संपला की खिडक्या लावून घेतो, कूलरमध्ये पाणी भरतो, डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही. सर मात्र त्या दिवसांत लग्न ठरलेल्या माणसासारखे खूश असत. सकाळी पेपर आला की आधी तापमान बघायचं. पंचेचाळीस दिसलं की मला हाक मारायची, "अक्का, आज मंडळींची चंगळ आहे." दोन अंश उतरलं की चहा अर्धा ठेवून गच्चीवर जायचे आणि आभाळाकडे असे बघायचे, जसं काही त्याने ह्यांच्या शेतात गुरं सोडलीत.

ही मंडळी कोण, ते मला कामाला लागले त्या दिवशी माहीत नव्हतं. सर धुळ्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बाईसाहेब आधीच गेलेल्या, एकुलती मुलगी, म्हणजे ताई, पुण्यात. एका माणसाचं काम म्हणून मी ते घर धरलं होतं. तर सर म्हणाले, "गच्चीच्या खोलीचं दार हळू लावा, वर मंडळी आहेत." मी मुळात बोलायला भिणारी. किती मंडळी, कुठली, हे विचारण्यापेक्षा मी अंदाजाने पाच कप चहा केला आणि ट्रे घेऊन जिना चढले. वर सर एकटेच होते, आणि खिडकीत ओळीने लोणच्याच्या काचेच्या बरण्या. काहींत गुलाबी पाणी, काहींत लाल, आणि तीन बरण्यांत वांग्याच्या सालीसारखं जांभळं. सरांनी ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्यांना सगळं समजलं, पण हसले नाहीत. "ह्यांना चहा चालत नाही, ह्यांचा मी घेतो," म्हणाले, आणि खरंच एकामागे एक चार कप प्यायले. पाचवा माझ्यापुढे सरकवला. कामाच्या घरी खुर्चीवर बसून चहा मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.

त्या बरण्यांत डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव होते. गुजरातेतल्या एका मिठागरावरून सरांनी कधीकाळी बाटलीभर पाणी आणलं होतं, त्यातून वाढवलेले. ज्या खारट पाण्यात मासा मरतो त्यात हे सुखाने संसार करतात. गोडं पाणी मात्र त्यांना सोसत नाही. त्यांच्यासाठी सर खडेमीठ पोत्याने आणायचे. दूधवाले आबा रोज ते पोतं बघायचे आणि एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"सर, इतलं बठ्ठं मीठ तुम्ही एकलाच खातस का?"

"मी नही खात आबा. मना घरमा पाव्हना शेतस."

"कव्हय जातीन?"

"ते आते आठेच ऱ्हातीन," सर म्हणाले, म्हणजे पाहुणे कुठे जाणार नाहीत, आता इथेच राहणार, आणि आबांनी माझ्याकडे असं बघितलं की बिचारी, हिला किती स्वयंपाक पडत असेल.

सर एरवी कॉलेजातल्यासारखं शुद्ध बोलत, पण मंडळींचा विषय निघाला आणि समोरचा आबांसारखा अहिराणी बोलणारा असला की त्यांच्या तोंडात लगेच गावची बोली यायची. आणि विषय निघत नसे, ते काढत. जामनेरजवळ माझ्या भावाच्या विहिरीवर सोलर पंप बसला, हे मी कधीतरी सांगितलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. "अक्का, तुमच्या भावाने त्या एका पंपासाठी किती खेटे घातले? ह्यांच्या एकेकाच्या अंगावर तसले हजारो पंप आहेत, आणि अर्ज कोणी केला नाही." उजेड पडला की ते पंप सुरू होतात. एका जातीचा पंप विजेचा भार असलेले बारीक कण आतून बाहेर फेकतो, आणि ते कण परत आत घुसायला बघतात त्या ओढीवर त्या जीवाचं पोट चालतं. दुसऱ्या जातीचा पंप मिठातला एक अंश बाहेरून आत ओढतो. उजेड गेला की दोन्ही बंद. पंपाच्या पोटात उजेड पकडणारा जो भाग असतो तो आपल्या डोळ्यातल्यासारखाच, आणि तो आपल्याला गाजरातून, शेवग्याच्या पाल्यातून मिळतो, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि तेव्हापासून त्या घरात आठवड्यातून तीनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली. मी कंटाळून एकदा मेथी केली तर म्हणाले, "मेथीही चालेल. पण मंडळींना काय वाटेल?"

ह्या पंपांची खरी करामत पुढेच होती आणि ती सांगताना सरांना जेवण सुचत नसे. माणसाच्या मेंदूतल्या पेशीही असल्याच कणांच्या येण्याजाण्यावर चालतात. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, तर तो आत ओढणारा पंप उंदराच्या मेंदूतल्या नेमक्या पेशींवर बसवला. पिवळा उजेड टाकला की त्या पेशी गप्प, उजेड काढला की परत बोलायला लागतात. पाण्यातल्या एका शेवाळाकडून आणलेलं दारही बसवलं, ते निळ्या उजेडाने उघडतं आणि पेशी जागी होते. दृष्टी गेलेल्या माणसांच्या डोळ्यांतही असं काही बसवून बघतायत म्हणे. मला वाटायचं, एवढासा पंप चिमट्याने बसवतात की काय. तसं मी कधी नव्हे ते विचारलं, तर सर पोळी हातात धरून उभेच राहिले. "पंप नाही पाठवत, पंपाची कृती पाठवतात. तुम्ही पुण्याला ताईकडे मांडे पाठवत नाही, कसे करायचे ते सांगता. मग ती तिच्या चुलीवर करते. तसं ती पेशी स्वतःच पंप करते आणि अंगावर लावून घेते." माझा प्रश्न त्यांनी वहीत लिहून घेतला. चौथी शिकलेल्या बाईचा प्रश्न वहीत. मी त्या दिवशी भांडी दोनदा घासली.

शेजारच्या घरी एक कुत्रा होता, दिसेल त्यावर भुंकणारा. सर बॅटरीला पिवळा जिलेटीन कागद लावून कुंपणाशी गेले आणि त्याच्या तोंडावर उजेड टाकला. तो दुप्पट भुंकायला लागला. शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. "बघितलंत?" सर आनंदाने त्यांना म्हणाले, "गप्प बसला नाही. त्याच्या मेंदूत पंप नाही, हे सिद्ध झालं." वहिनी म्हणाल्या, "सर, तुमच्यात तरी आहे का? तुम्ही आत जा." पाचोऱ्याला एका लग्नात गेले तर मांडवातले निळेपिवळे दिवे बघून नवरीच्या मामांना धरलं आणि सांगायला लागले की इथे तसला उंदीर असता तर आत्ता नाचला असता, आत्ता थांबला असता, आत्ता परत नाचला असता. मामांनी पंगतीकडे बघून आवाज दिला, "अरे, ह्या सरांना पहिल्या पंगतीला बसवा रे कोणी." सरांना हे मानाचं वाटलं. परत आल्यावर मला सांगत होते, फार भले लोक.

मला ते अक्का म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. मी त्यांच्या मुलीपेक्षा फार मोठी नसेन. काही समजावलं की थांबून विचारायचे, "काय समजलं?" आणि मला ते परत सांगावं लागायचं, ओट्याकडे तोंड करून, हळू आवाजात, पण सांगावं लागायचं. मी एकदा म्हणाले की सर, मी चौथीपर्यंतच आहे. तर म्हणाले, "ह्यांच्याजवळ पहिली चार वर्षं घालवून मलाही काही कळलं नव्हतं. बरोबरीत आहोत." हे सगळं मी आता मुद्दाम आठवून सांगते आहे, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मोठ्या प्रयोगशाळेत ह्याच उजेडाच्या पंपांवर काम करत होती. ती दोन सोबत्यांना घेऊन सरांची जांभळी मंडळी बघायला आणि त्यातली एक बाटली न्यायला येणार होती. निवृत्तीनंतर सरांकडे त्यांच्या विषयासाठी कोणी येण्याची ती पहिलीच वेळ. आठ दिवस घरात सणाची धावपळ. सरांनी दाढी दोनदा केली. त्या सकाळी मी सातला आले तेव्हा ते आंघोळीला गेले होते. मी वर झाडायला गेले. त्या तीन जांभळ्या बरण्या तिसरा हिस्साच भरलेल्या होत्या, काठांवर मिठाचा पांढरा थर. आमच्या घरची शिस्त अशी की पाहुणा येणार त्या दिवशी घरात एकही भांडं अर्धं ठेवायचं नाही. माठ, तांब्या, दुधाचं पातेलं, सगळं काठाशी. अर्ध्या भांड्याने घराची अब्रू जाते, हे माझ्या आईने हातावर मारून शिकवलेलं. कोपऱ्यात एक बादली ताट झाकून ठेवली होती, ती मला फरशी पुसायच्या पाण्याची वाटली. मी खाली गेले, फिल्टरचं चांगलं पाणी कळशीत घेतलं, थर पुसून काढला आणि तिन्ही बरण्या काठोकाठ भरल्या. गोड्या पाण्याचं सरांनी मला सांगितलं होतं. त्या वेळी माझं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे होतं आणि "काय समजलं?" विचारल्यावर मी नुसतं "समजलं" म्हटलं होतं.

पाणी पडलं तसा बरण्यांतला गढूळपणा डोळ्यांदेखत गेला. आरपार दिसायला लागलं, रंग फिका आणि नितळ. मला वाटलं, किती स्वच्छ झालं. पळीच्या दांड्याने ढवळलं तर पाकासारखी तार सुटली. मी पळी धुऊन ठेवली आणि खाली येऊन पोह्यांचा कांदा चिरायला घेतला, खूश होऊन.

पाहुणे आले, सर त्यांना घेऊन वर गेले, मी मागे पाण्याचे ग्लास घेऊन. सर दारातच थांबले. जवळ जाऊन एक बरणी उचलली, वाकडी केली. आतलं शेंबडासारखं संथ हललं. मग सर माझ्याकडे वळले.

"अक्का, ह्या मी भरल्या का?"

मी "नाही" म्हणायला हवं होतं. एवढाच शब्द होता. पण ती बाई बघत होती, तिचे सोबती बघत होते, आणि सरांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला होता.

"हो," मी म्हणाले.

"कधी?"

"काल. मी घरी जायला निघाले तेव्हा तुम्ही भरत होतात."

सरांनी कोपऱ्यातल्या बादलीवरचं ताट काढलं. बादली भरलेली होती. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, मग बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं. "मिठाचं पाणी ह्यांच्यासाठी करून ठेवलं होतं मी," ते त्या बाईला म्हणाले. "आणि साधं ओतलं. सगळ्या पेशी फुटल्या असतील, एकूण एक." ती म्हणाली, "होतं असं, सर. तुमच्याकडे वाळलेल्या मिठात काही जिवंत असतीलच की, त्यातून पुन्हा वाढतील. तेच द्या मला." सर नाही म्हणाले. ज्याला आपण काल काय केलं ते आठवत नाही, त्याच्या हातच्या बाटलीवर जे लिहिलेलं असेल ते खरं कशावरून, असं त्यांनी तिला विचारलं, अगदी वर्गात विचारावं तसं. ती पोहे न खाता गेली.

त्या दिवशी मी पाहुण्यांमुळे गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सांगणार होते, तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं हे विचारतील म्हणून गप्प बसले. त्यानंतर एकेका दिवसाने ते आणखी जड होत गेलं. सर गच्चीवर जायचे थांबले. गॅसच्या बटणापाशी चिठ्ठी लागली, "बंद केला का?" दारावर लागली, नळावर लागली. रक्तदाबाची गोळी माझ्यासमोर घ्यायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे, "अक्का, घेतली ना मी?" घेतलेली असायची. एकदाही ते चुकले नव्हते. दिवसभरात काय काय केलं ते वहीत लिहायचे आणि संध्याकाळी मला वाचून दाखवायचे, बरोबर आहे का म्हणून. मी "बरोबर आहे" म्हणायचे. माझ्या शब्दावर त्यांचा जेवढा भरवसा होता तेवढा स्वतःच्या डोक्यावर नव्हता.

ताई दिवाळीत आल्या आणि त्या चिठ्ठ्या बघून रडल्या. पुढच्या सुट्टीत सरांना पुण्याला नेण्याचं ठरलं. सर नाही म्हणाले नाहीत.

सामान बांधायच्या दिवशी गच्चीच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कपबश्या पेपरात गुंडाळत होते. तोंड वर न करता मी सांगून टाकलं. बरण्या मी भरल्या. तुम्ही नाही.

सरांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग विचारलं, "कुठलं पाणी?"

"फिल्टरचं."

"कुठपर्यंत?"

"काठापर्यंत."

"रंग लगेच नितळ झाला, की वेळ लागला?"

"लगेच. मग ढवळलं तर तार सुटली."

"सुटणारच," सर म्हणाले, आणि मिठाच्या पोत्यावर खाली बसले. मला वाटलं आता रागावतील. ते चष्मा काढून पुसत राहिले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो," म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, गावच्या बोलीत, "मी नही भुलनू." मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. "पाया नका पडू. एक काम करा. हे आत्ता मला सांगितलंत, तसंच ताईला सांगाल?"

मी हो म्हणाले. तेवढ्यात ताई वर आल्या. "बाबा, गाडी आली. मावशी, झालं का?" सर माझ्याकडे बघत होते. मी एक कप गुंडाळला. दुसरा गुंडाळला. सर अजून बघत होते. तिसरा कप घेतला तेव्हा सर उठले, माझ्याऐवजी तेच ताईंना म्हणाले, "चल, मावशींना उशीर होतोय," आणि ताईंनी त्यांचा दंड धरून त्यांना जिना उतरवला. त्यांना जिना उतरता येत होता.

पाच महिन्यांनी मी फोन लावला. ताईंना वाटलं मला काम हवंय. मी एका दमात सगळं सांगितलं, मागच्या अंगणात उभी राहून, भिंतीकडे तोंड करून. मग ताई म्हणाल्या, "हे बाबांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. पाचोरा ओलांडल्यावर."

"मग?"

"मला वाटलं, मनाची समजूत घालायला रचून सांगतायत. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं." मग त्या म्हणाल्या, "खाली बागेत जायचं म्हटलं तरी मी त्यांच्याबरोबर बाई पाठवते. परवा तिच्यावर चिडले, तर मी त्यांनाच बोलले, मावशी."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, बाबा झोपलेत, पुन्हा करा, बोलतील ते तुमच्याशी.

मी पुन्हा केला नाही. फोन लावून विचारता येईल की सर आता एकटे खाली जातात का, पण विचारायची लाज वाटते. सकाळी मी दुसऱ्यांच्या घरी कामाला निघते ती साधारण त्यांची फिरायची वेळ. वाटेने चालताना मी मनात धरते की आत्ता ते दार ओढून घेत असतील, कठडा धरून एकेक पायरी उतरत असतील, आणि त्यांच्या मागे कोणी नसेल.